'जॉब' म्हणजे नक्की काय काय? (शॉपमधल्या बोर्डावर "नोकरी फिरत असताना हात लावू नये" छापून आलंय)

चाकणची_चिमणी

नमस्कार मंडळी. मी एका मशीन शॉपमध्ये एचआरला आहे, म्हणजे हजेरी, कँटीनच्या तक्रारी, गेटपास आणि जे कोणालाच नको असतं ते सगळं. तर आता सेफ्टी बोर्ड मराठीत करायचं माझ्याकडे आलंय. मूळ बोर्ड इंग्रजी, कोणीतरी तो मोबाईलच्या भाषांतराच्या अॅपमध्ये टाकून प्रिंटला पाठवला आणि जे आलं ते असं:

"नोकरी सुरू करण्यापूर्वी नोकरी घट्ट पकडा. नोकरी फिरत असताना हात लावू नये. नोकरीचे मोजमाप यंत्र थांबल्यावरच करावे. चांगली नोकरी!"

सेकंड शिफ्टच्या पोरांनी त्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर फिरवला, आणि "नोकरी घट्ट पकडा" हे वाक्य तर ऑफिसवाल्यांनीच स्टेटसला ठेवलं कारण इन्क्रीमेंटचा महिना आहे.

हसून झालं पण आता मला खरंच प्रश्न पडलाय. एकाच बोर्डावर हा जॉब एकदा काम आहे, एकदा लोखंडाचा तुकडा आहे आणि शेवटी शाबासकी आहे. प्रत्येकाला मराठीत काय लिहायचं? आणि एवढे अर्थ या एका शब्दाला चिकटले कसे? शॉपमधल्या लोकांना विचारलं तर म्हणतात मॅडम जॉब म्हणजे जॉब, त्यात काय समजायचंय. जाणकारांनी प्रकाश टाका, बोर्ड लवकर लावायचाय, ऑडिट आहे.

---

लेथमास्तर

ताई, शॉपमधली पोरं बरोबर सांगतायत. जॉब म्हणजे जॉब. मशीनवर जो नग बांधलाय, ज्याच्यावर काम चाललंय, तो जॉब. मग ते शाफ्ट असो, बुश असो, कास्टिंग असो. "जॉब चकमध्ये पकड" (चक म्हणजे जॉब घट्ट धरून फिरवणारा मशीनचा जबडा), "जॉब ट्रू कर" (म्हणजे वेडावाकडा न फिरता सरळ फिरेल असा बसव), "जॉब गरम आहे हात नको लावू", अशीच भाषा आहे आणि भोसरीपासून सातपूर, वाळूज, कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत कुठेही जा हेच ऐकू येईल. आयटीआयमध्ये पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. फिटरच्या पोराच्या हातात एमएसचा म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा देतात, म्हणतात हा तुझा जॉब, चारी बाजू फाईल मारून काटकोनात आण. पुढे मेल-फीमेल जॉब येतो, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यात असा बसला पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये. परीक्षेला त्या जॉबवर नंबर पंच करतात म्हणजे कोणी दुसऱ्याचा उचलून देऊ नये. सर जॉब हातात घेऊन खिडकीकडे धरतात आणि एक डोळा बारीक करून उजेड बघतात, त्या वेळी जी छाती धडधडते ती पुढे इंटरव्ह्यूला पण नाही धडधडली माझी.

अजून एक गंमत सांगतो. शॉपमध्ये "जॉब गेला" म्हणजे साईज गेली. जॉब प्लस असला, म्हणजे मापापेक्षा मोठा, तर टेन्शन नसतं, अजून एक पास मारता येतो. मायनस गेला की संपलं, भंगारात टाका. आता हेच वाक्य घरी फोनवर बोललं की बायको घाबरते. आमच्याकडे एक नवीन पोरगं बाहेर उभं राहून फोनवर सांगत होतं "आज माझे चार जॉब गेले", पलीकडून आई विचारते अरे तुला चार जॉब होते कधी?

तुमचा बोर्ड असा करा. जिथे तुकडा आहे तिथे जॉबच ठेवा, "कार्यवस्तू" वगैरे लिहू नका, कोणी वाचणार नाही. जिथे काम आहे तिथे काम. आणि बोर्डावर मूळ इंग्रजीत नसलं तरी दोन गोष्टी टाका: चकची चावी चकमध्ये ठेवून मशीन चालू करू नये, आणि लेथवर हातमोजे घालू नयेत. लोकांना वाटतं मोजे घातले की हात सुरक्षित. फिरत्या जॉबमध्ये मोज्याचा धागा अडकला की आख्खा हात ओढला जातो.

---

इंग्रजीची_बाई

अॅपचा दोष आहेच पण त्या बिचाऱ्या शब्दाचा पण आहे! मी बारावीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, जरा लांबेल.

आपण समजतो जॉबचा मूळ अर्थ नोकरी आणि बाकीचे अर्थ त्याची पिल्लं. उलट आहे. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून सापडतो आणि तेव्हा तो सुटं, तुकड्याचं काम या अर्थाने येतो. एक जॉब म्हणजे एक काम, केलं, पैसे घेतले, संपलं. व्युत्पत्ती पक्की नाही, पण गोळा किंवा लचका अशा अर्थाच्या 'गॉब' शब्दाशी बरेच जण त्याचं नातं लावतात. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने जो प्रसिद्ध शब्दकोश केला त्यात तर जॉबला अगदी हलकं, किरकोळ, मिळेल तेव्हाचं काम असंच म्हटलंय. म्हणजे ज्याला आपण आज "पर्मनंट जॉब" म्हणून पेढे वाटतो तो प्रकार त्या काळच्या माणसाला विचित्र वाटला असता. पर्मनंट आणि जॉब? कायमची नोकरी हा अर्थ नंतर बसला त्यात.

तर लेथमास्तरांचा जॉब हा गावठी वापर वगैरे नाही हं. ज्या वस्तूवर काम चाललंय ती वस्तू हा अर्थ इंग्रजी कोशांत आहे. मला तर वाटतं आपल्या शॉपमधल्या लोकांनी शब्दाचा जुना पीळ ऑफिसवाल्यांपेक्षा चांगला सांभाळलाय.

वर्गात मी पोरांना आधी एवढंच सांगते की वर्क मोजता येत नाही आणि जॉब मोजता येतो. "आय हॅव अ वर्क" हे आपल्याकडे सर्रास बोलतात, ते चूक. एक काम आहे म्हणायचं तर तिथे जॉब येतो. आणि मग बाकीची जत्रा. "इट्स अ जॉब टु फाइंड पार्किंग" याचा नोकरीशी काही संबंध नाही, पार्किंग मिळवणं म्हणजे मोठं दिव्य आहे एवढंच. "जस्ट द जॉब" म्हणजे हेच तर हवं होतं. नाकाचं ऑपरेशन तो नोज जॉब, गाडीला रंग मारला तो पेंट जॉब. चोरांच्या भाषेत बँक लुटणं हा पण जॉबच, आणि आतल्याच माणसाने केलं की इनसाइड जॉब, ज्याला आपल्याकडे घरभेद्याचं काम म्हणतात. ठरवून केलेला बनाव तो पुट-अप जॉब. एखाद्यावर लेख लिहून त्याची पार सालटी काढली की हॅचेट जॉब. सत्तेत आल्यावर आपल्याच माणसांची वर्णी लावली की "जॉब्ज फॉर द बॉइज". आणि माझा सगळ्यात आवडता शब्द जॉब्जवर्थ. इंग्लंडमधला तो खिडकीवरचा माणूस जो म्हणतो नियमात बसत नाही, माझी नोकरी जाईल, आणि रांगेतल्या सगळ्यांना परत पाठवतो. या माणसाला मराठीत नेमका शब्द नाही याचं मला फार आश्चर्य वाटतं कारण माणसं तर आपल्याकडे हव्या तितक्या आहेत.

"गुड जॉब" ला मराठीत "शाब्बास" किंवा "छान काम केलंत". पण बोर्डावर ते हवंच कशाला? बोर्ड वाचणाऱ्याने अजून काहीच केलेलं नाही.

---

पुणेरी_पाटी

सेफ्टी बोर्ड राहूदेत पण "नोकरी फिरत असताना हात लावू नये" हा आयटीवाल्यांना उत्तम सल्ला आहे.

बाकी एक निरीक्षण, आमच्या आजोबांच्या पिढीत मुलगा "नोकरीला" असायचा, बाबांच्या पिढीत "सर्व्हिसला" लागायचा, आणि आता "जॉब करतो". स्थळाच्या बायोडेटात बघा, सर्व्हिस लिहिलेलं दिसलं की समजायचं वडिलांनी भरलाय. सर्व्हिस आता फक्त गाडीची उरली. आणि मुलींच्या बाबतीत तर "नोकरी करते" आणि "जॉब करते" यात पण एक छटा आहे, "घर सांभाळून छोटासा जॉब करते" असं म्हणतात, "घर सांभाळून छोटीशी कलेक्टरची नोकरी करते" असं नाही म्हणत कोणी.

---

लालबागचा_बोका

सगळे जॉबबद्दल बोलताय, जॉबरला विसरलात. आमच्या गिरणगावात जन्माला आलेल्या कोणालाही विचारा, जॉबर म्हणजे काय ते.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये जॉबर म्हणजे खात्यावरचा म्होरक्या. आजच्या सुपरवायझरसारखा, पण सुपरवायझर त्याच्यापुढे काहीच नाही. माणूस कामावर घ्यायचा कोण तर जॉबर, काढायचा कोण तर जॉबर, मशीन बिघडलं की हात घालणारा पण तोच आणि साहेबापुढे उभा राहणारा पण तोच. साहेबाला मराठी येत नाही, कामगाराला इंग्रजी येत नाही, मधे हा. रत्नागिरी-साताऱ्याकडून गावातला माणूस आला की जॉबरला भेटायचा, तो कोणाच्या तरी खोलीत त्याला टेकायला जागा करून द्यायचा, खाणावळ लावून द्यायचा, अडीनडीला पैसे पण द्यायचा आणि मग त्याचं मोल वसूल करायचा. दस्तुरी म्हणायचे त्याला, काम मिळालं म्हणून पैसे, टिकावं म्हणून पैसे. बायकांच्या खात्यात याच कामाला नायकीण असायची.

सकाळी गिरणीच्या गेटवर बदलीवाले उभे राहायचे. कोणी गैरहजर असलं की त्या जागेवर आज कोणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या बोटावर. ज्याच्याकडे बोट गेलं त्याच्या घरी चूल पेटली. रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजे आपण व्हिटली कमिशन म्हणतो ते, त्याचा 1931 चा रिपोर्ट आला त्यात या जॉबर पद्धतीवर सडकून टीका आहे, आणि 1935 पासून मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्ड देऊन जॉबरचा हात थोडा आखडायचा प्रयत्न सुरू केला. लगेच संपला वगैरे नाही. पुढे युनियन आल्या, कायदे आले, तेव्हा कुठे त्याची सद्दी कमी झाली, पण खात्यातलं पद म्हणून जॉबर हा शब्द गिरण्या होत्या तोपर्यंत टिकला. 82 च्या संपानंतर गिरण्याच गेल्या, मग शब्द बोलायला कोणाच्या तोंडी राहणार.

कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांत याच माणसाला सरदार म्हणायचे. आणि ज्यांना वाटतं हे सगळं इतिहासजमा झालं त्यांनी बीडकडचा ऊसतोडीचा मुकादम बघावा. उचल देतो, जोडप्याला म्हणजे एका कोयत्याला बांधून घेतो, कारखान्याशी बोलणी तोच करतो. नाव वेगळं, माणूस तोच.

इंग्रजीची बाई, तुम्ही म्हणता जॉब म्हणजे तुकड्याचं काम, मग जॉबर हा तुकडे वाटणारा का?

---

इंग्रजीची_बाई

@लालबागचा_बोका, इंग्रजीत जॉबरचा इतिहास तसा चांगला नाहीच. घाऊक माल घेऊन सुटा विकणारा मधला माणूस तो जॉबर, आणि सार्वजनिक पदावर बसून स्वतःचं घर भरण्याला जॉबरी म्हणतात. गिरणीत तो शब्द कसा शिरला यावर मी छातीठोक बोलणार नाही, पण मधला माणूस आणि मधली कमाई हे दोन्ही जुन्या अर्थात आहेत एवढं नक्की.

---

दलाल_स्ट्रीटची_पायरी

शेअर बाजारातला जॉबर कोणी घेतला नाही अजून म्हणून लिहितो. लंडनच्या बाजारात ब्रोकर वेगळा आणि जॉबर वेगळा असायचा. ब्रोकर गिऱ्हाइकाची ऑर्डर आणणार, जॉबर स्वतःच्या खिशातून माल ठेवून घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव असे दोन भाव बोलणार, मधला फरक त्याचा. 27 ऑक्टोबर 1986 ला तिकडे बिग बँग झाला आणि ही वाटणी मोडली. आपल्याकडे रिंगमध्ये ओरडून सौदे व्हायचे तेव्हा जॉबर होतेच, 1995 ला बोल्ट ही कॉम्प्युटरवर सौदे करायची यंत्रणा आली, स्क्रीनवर सगळं गेलं आणि रिंग सुनी झाली. शब्द मात्र आहे अजून. दिवसभर पाच-दहा पैशांसाठी घे-वीक करणाऱ्याला आजही "जॉबिंग करतो" म्हणतात. स्थळ बघताना मुलगा जॉब करतो की जॉबिंग करतो हे विचारून घ्यावं.

---

रात्रपाळीचा_हिंजवडीकर

मी मेनफ्रेमवाला, म्हणजे बँकांचे वगैरे मोठे कॉम्प्युटर असतात त्यांच्यावर काम करणारा. आमच्याकडे जॉब म्हणजे रात्री चालणारा प्रोग्रॅमचा गठ्ठा. बँकेचं व्याज काढायचा जॉब, स्टेटमेंट काढायचा जॉब, एक संपला की दुसरा सुटतो, आणि मधे एक पडला की मागचे सगळे रांगेत अडकतात. हे लिहायची भाषाच जॉब कंट्रोल लँग्वेज, आयबीएमने 1964 ला सिस्टीम 360 आणली त्या घराण्यातली, आणि ती आज मी वापरतो. सगळ्यात वर जी ओळ असते, दोन तिरप्या रेघा, मग जास्तीत जास्त आठ अक्षरांचं नाव, मग जॉब हा शब्द, त्या ओळीला आम्ही अजून "जॉब कार्ड" म्हणतो. कारण तेव्हा ते खरंच भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. माझ्या टीममधल्या कोणी आयुष्यात पंच कार्ड बघितलेलं नाही पण "तुझं जॉब कार्ड चुकलंय" हे रोज बोलतो.

रात्री तीनला फोन येतो "जॉब पडला", बायको झोपेत विचारते तुझा? नाही गं, क्लायंटचा. बहुतेक वेळा एस झिरो सी सेव्हन असतो, म्हणजे जिथे आकडा पाहिजे तिथे कोणीतरी अक्षर नाहीतर नुसती मोकळी जागा सोडलीय, कॉम्प्युटर बेरीज करायला गेला आणि आडवा झाला.

---

गावाकडची_पायवाट

जॉब कार्ड म्हणलं की आमच्याकडं रोजगार हमीच आठवती. 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं आलं ते कार्ड. ते एका माणसाचं नसतं, आख्ख्या कुटुंबाचं असतं, घरातल्या मोठ्या माणसांची नावं आणि फोटो त्यात. आमच्याकडं म्हातारी माणसं पण "जापकार्ड" म्हणतात, त्यांना जॉब शब्द माहीत नाही पण कार्ड बरोबर माहीत. सिंचन विहीर पाहिजे, गोठा पाहिजे, फळबाग लावायचीय, पहिलं विचारणार जॉबकार्ड हाय का. त्यामुळं कित्येकांनी त्याच्यासाठीच काढलंय, फावडं कधी हातात घेतलं नाही.

पण ज्यांना काम पाहिजे त्यांची पंचाईत अशी की कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असं नसतं. कामाची मागणी वेगळी लेखी द्यावी लागती आणि तिची तारखेची पोच घ्यावी लागती. पोच नसली तर मागितलंच नाही म्हणून मोकळे. आणि हे सगळं दिल्लीनं शोधलं असं नाही बरं का, वि. स. पागे यांनी रोजगार हमी आपल्या राज्यात आणली, 72 च्या दुष्काळात ती कामं निघाली, 1977 ला कायदा झाला. तेव्हा तिला कोणी जॉब म्हणत नव्हतं, "हमीवर जातो" म्हणायचे, नाहीतर "खडी फोडायला". माझ्या आज्जीनं पाझर तलावावर माती वाहिलीय.

---

चाकणची_चिमणी

बापरे, मी दोन ओळींचं उत्तर मागितलं होतं! फार फार धन्यवाद सगळ्यांना. बोर्ड असा करतेय, मास्तर बघून सांगा:

"काम सुरू करण्याआधी जॉब चकमध्ये घट्ट बांधा. चकची चावी काढल्याशिवाय मशीन चालू करू नका. फिरत्या जॉबला हात लावू नका. माप मशीन थांबल्यावरच घ्या. लेथवर हातमोजे घालू नका."

---

लेथमास्तर

एक नंबर. फक्त "चिप्स हाताने ओढू नका, हुक वापरा" एवढं वाढवा. लांब चिप, म्हणजे जॉब कापताना निघणारी धातूची साल, ब्लेडसारखी कापते. आणि अक्षर मोठं करा, चष्मा घरी विसरून येणारे बरेच आहेत.

---

पावडरकोटिंगवाला

मला एक अवांतर विचारायचंय, इथे कोणी सीए असेल तर. माझं छोटं युनिट आहे, आम्ही जॉबवर्क करतो, म्हणजे पार्टीचे पार्ट येतात, आम्ही कोटिंग करून परत देतो. आमचा जॉब म्हणजे दुसऱ्याचा माल. एका पार्टीचे पार्ट आणि हँगिंगची फिक्श्चर वर्ष होत आलं तरी आमच्याकडेच पडून आहेत, ते उचलत नाहीत. पार्टी म्हणते तुम्हालाच टॅक्स लागेल. खरं का?

---

आकडेमोड_मावशी

खरं नाही. जीएसटी कायद्यात जॉबवर्कची व्याख्याच अशी आहे की दुसऱ्या नोंदणीकृत माणसाच्या मालावर केलेली प्रक्रिया. पावडर तुमची असली तरी पार्ट त्यांचा, म्हणून ते जॉबवर्कच. कलम 143 प्रमाणे कच्चा माल एक वर्षाच्या आत आणि भांडवली वस्तू तीन वर्षांच्या आत मालकाकडे परत गेली पाहिजे किंवा तुमच्याच जागेवरून मालकाने ती रीतसर विकली पाहिजे. नाही झालं तर ज्या दिवशी तुमच्याकडे पाठवला त्या दिवशीच मालकाने तो माल तुम्हाला पुरवला असं धरतात, आणि तो टॅक्स मालकाच्या गळ्यात पडतो, वर व्याज. तुम्ही तुमच्या मजुरीवर टॅक्स लावायचा, संपलं. आयटीसी-04, म्हणजे जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा हिशेबाचा फॉर्म, तो पण त्यांनीच भरायचा, पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. फिक्श्चर, डाय, साचे, जिग यांना ती मुदतच नाही.

---

पावडरकोटिंगवाला

मावशी, लाख उपकार. आणि पार्टमधले रिजेक्ट झालेले तुकडे? ते भंगारात आम्ही विकतो, आमच्याकडे तसंच चालतं.

---

आकडेमोड_मावशी

चालतं सगळीकडेच. पण भंगार मूळ मालाच्या मालकाचं. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल तर टॅक्स लावून थेट तुमच्या जागेवरून विकता येतं, नसाल तर ते मालकाने विकायचं. पैसे कोणी ठेवायचे ते तुमच्यात ठरवा, पण ऑर्डरवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि ते पडून असलेले पार्ट ज्या चलनावर आले त्याची तारीख आजच बघा, वर्ष तिथून मोजतात.